चौदा नंबरची नोंद

“ही मुलगी कुणाच्या वर्गातली?” डॉ. तांबोळींनी व्हरांड्यातून विचारलं, आणि मी पदर सावरत, जवळजवळ मिरवतच पुढे झाले.

“माझ्या. सातवीतली. प्रणिता वाघमोडे. आमच्या शालेय मंत्रिमंडळात पाणीपुरवठा मंत्री आहे. तालुक्याच्या आदर्श विद्यार्थिनी पुरस्काराला यंदा आम्ही हिचंच नाव पाठवलंय.”

शालेय मंत्रिमंडळ हे आमच्या मुख्याध्यापकांचं, इंगवले सरांचं, लाडकं खूळ. जूनमध्ये मुलांना फेटे बांधून शपथ द्यायची, फोटो काढायचे आणि फेटे मंडपवाल्याला परत करायचे. पुढे वर्षभर आरोग्यमंत्र्यानं गुरुजींचा चहा आणायचा आणि सहलमंत्र्यानं सहलीची वाट बघायची. त्या सगळ्या मंत्रिमंडळात खरोखर काम करणारी मंत्री एकटी प्रणिताच होती. तिला ते खातं मी दिलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा जीपमधून यायचं, वजन-उंची मापायचं, जंतांच्या गोळ्या वाटायचं आणि खिचडी खाऊन निघून जायचं. आमचीही त्यापलीकडे काही अपेक्षा नसे. ह्या डॉक्टर मात्र नवीन होत्या, म्हणून खरंच तपासत होत्या.

“दोन वर्षांत हिचं वजन अर्धा किलो वाढलंय,” त्या म्हणाल्या. “नखं बघितलीत हिची?”

मी बघितली. बघण्यासारखी नखंच उरली नव्हती. दहाही बोटं कुरतडून लाल झालेली, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. हीच बोटं रोज माझ्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा आणून ठेवत होती.

“माझ्यापुढे दहा मिनिटं बसली, तेवढ्यात तीनदा उठून खिडकीशी गेली. काय बघते?”

“पहिलीची पोरं,” मी हसून सांगितलं. “फार जीव तिचा त्यांच्यावर. परिपाठाला मोजते, मधल्या सुट्टीत मोजते, खिचडीच्या आधी मोजते, नंतर मोजते. अंगणातल्या हौदाचं झाकण दिवसातून वीस वेळा बघून येते. सांगावं लागत नाही.”

“आणि तुम्हाला ह्यात काही वावगं वाटलं नाही?”

“वावगं? अहो, म्हणून तर मंत्री केली!”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. तसं माझ्याकडे नोकरीच्या एकवीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. साहेब मंडळी रागावायची, पण त्यांच्या रागात मी माणूस असायची.

“तिच्या आधीच्या वर्षांच्या नोंदी असतील ना? प्रत्येक मुलाच्या स्वभावाबद्दल लिहिता तुम्ही. आणा.”

आता ह्या नोंदींबद्दल सांगायला हवं. सरकारची इच्छा अशी, की शिक्षकानं वर्षभर प्रत्येक मूल न्याहाळावं आणि त्याच्या मनाबद्दल, वागण्याबद्दल चार वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहावीत. इच्छा फार सुंदर होती. आम्ही तिचं काय केलं? तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात तयार नोंदींची पुस्तिका मिळायची. त्यात क्रमांक घातलेली वाक्यं. एप्रिलच्या शेवटी आम्ही सगळे मास्तर-मास्तरणी ती पुस्तिका मध्ये ठेवून बसायचो, आणि भजी खात खात चाळीस-चाळीस मुलांची मनं दोन तासांत उरकायचो. “अहो, तेवीस नंबर झाला का तुमचा?” “मी सगळ्या मुलींना चौदा टाकलाय, तुम्ही नऊ टाका.” हौजी खेळताना आकडे पुकारतात तसे आम्ही पोरांचे स्वभाव पुकारत होतो, आणि त्यात कुणालाही काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

मी कपाटातून सहा वर्षांची पानं काढली. दुसरीपासून सहावीपर्यंत अक्षरं तीन जणांची, शेवटची दोन माझी. वाक्य एकच. चौदा नंबर. *शांत, समंजस व आज्ञाधारक आहे. जबाबदारीने वागते.* फक्त पहिलीच्या पानावर वेगळं होतं: *आनंदी व उत्साही असते. नेहमी हसतमुख.* तो सहा नंबर.

डॉक्टरांनी पानं एकाखाली एक ठेवली.

“पहिलीत हसतमुख आणि दुसरीपासून एकदम समंजस. मध्ये काय झालं?”

“मोठी झाली,” मी म्हणाले.

“मॅडम, सातव्या वर्षी कुणी समंजस होत नसतं. त्या वयात जे होतं त्याला दुसरं नाव आहे.” त्यांनी प्रणिताला नर्सबाईंबरोबर आत बसवलं आणि आवाज खाली आणला. “तिनं मला काय विचारलं माहितीये? ‘डॉक्टर, मोजायचं थांबायला काही गोळी असते का? नाहीतर हौदात उतरल्यावर थांबतंच ना?’ हे शब्द आहेत तिचे. मी ह्या मुलीला इथे सोडून जाणार नाही. उद्या जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. चार वाजता आमची जीप निघेल. तोवर मला आईची किंवा वडिलांची सही हवी, बरोबर घरचं एक माणूस हवं, आणि वर्गशिक्षिका म्हणून तुम्ही तिच्यात काय काय पाहिलंत त्याचं एक पान हवं. छापील नको.”

तेव्हा साडेबारा वाजले होते.

इंगवले सरांना मी ऑफिसात गाठलं, तर ते जमिनीवर अंथरलेला फ्लेक्स कौतुकानं न्याहाळत उभे होते. सोमवारी मूल्यमापनाची समिती येणार होती. फ्लेक्सवर मधोमध सरांचा फोटो, वर कोपऱ्यात साहेबांचे, आणि खाली डाव्या हाताला, पोस्टाच्या तिकिटाएवढी, प्रणिता.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसले.

“बिराजदार मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. आदर्श विद्यार्थिनी म्हणून आपण जिचं नाव दिलं, ती वेड्यांच्या डॉक्टरकडे नेली म्हटल्यावर समिती काय म्हणेल? पोरगी जरा हळवी आहे, एवढंच. अशक्तपणा असेल. लोहाच्या गोळ्या द्या म्हणावं.”

“सर, ती हौदात उतरायचं बोलली.”

“उन्हाळ्यात पोरं बोलतात तसं. पोहायची हौस असते.” त्यांनी फ्लेक्सची सुरकुती पायानं सरळ केली. “तुम्ही आपलं एक पान लिहून द्या, साधंसं. पुढच्या वर्षी हायस्कूलला जाईल, मग त्यांचं ते बघतील.”

एखाद्या माणसाला कोडगेपणाचा पुरस्कार द्यायचा असता, तर मी त्याच फ्लेक्सवर दिला असता. पण खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला त्यांचं म्हणणं सोयीचं वाटलं होतं. मी स्टाफरूममध्ये गेले, कोरा कागद घेतला, आणि पेन आपोआप लिहू लागलं: *कु. प्रणिता ही शांत, समंजस व...*

तिथं मी थांबले. पुढचं आठवायचा प्रयत्न केला. ह्या मुलीला काय आवडतं? ठाऊक नाही. तिची मैत्रीण कोण? ठाऊक नाही. ती शेवटची हसली कधी? तीन वर्षं ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होती आणि मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की तिचा मला त्रास नव्हता. मुकी बिचारी कुणीही हाका, तसं आम्ही तिला वर्षानुवर्षं वरच्या वर्गात हाकत आणलं होतं. मी कागद फाडला आणि प्रणिताला घेऊन तिच्या घराकडे निघाले.

घर ओढ्यापलीकडे, दहा मिनिटांच्या वाटेवर. ती माझ्या मागून चालत होती.

“मॅडम, माझं काही चुकलं का?”

“नाही गं. पण मला सांग, तू पोरं का मोजतेस?”

“एक कमी पडू नये म्हणून.”

“आणि नाही मोजलं तर?”

“मग माझ्यामुळं होईल ना.”

“काय होईल?”

ती मला ओलांडून भराभर चालू लागली. मी आणखी काही विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती.

बिरू वाघमोडे, तिचे वडील, बाजेवर बसून दावं वळत होते. आई शालन दारात शेळीला पाला टाकत होती. मला बघून दोघं घाईनं उठले.

“काय केलं व्हय हिनं?” वडिलांनी विचारलं.

“काही केलं नाही. बसा.” मी डॉक्टर जे बोलल्या ते सगळं सांगितलं. हौदाचंही सांगितलं.

ते ऐकून वडिलांचा चेहरा आधी उतरला आणि मग तांबडा झाला. “येड लागलंय म्हणता माझ्या पोरीला? म्याडम, अख्ख्या गावात इचारा. उलटा शबुद न्हाई तिचा. ताटात वाढंल ती खाती, सांगंल ती करती. सणासुदीला नवं कापड मागत न्हाई. अशी गुणाची पोर आन् तुमी तिला येड्यांच्या दवाखान्यात नेता? उद्या नाव पडलं तर लगीन कोण करंल तिच्याशी?”

“ती बारा वर्षांची आहे, बिरूभाऊ.”

“म्हणून काय झालं? नाव पडायला वय लागतंय व्हय?”

तेवढ्यात मला भिंतीवरचा फोटो दिसला. तीन-चार वर्षांचं पोर, कपाळाला मोठा काळा टिळा, फोटोला सुकलेला हार.

“हा कोण?”

प्रणिता उंबऱ्यातच उभी होती, ती मान खाली घालून नखाची कड कुरतडू लागली.

“माजा आदू,” शालनबाई शेवटी म्हणाल्या. “हिच्या पाठचा. ही पयलीत हुती तवा. दिवाळीच्या सुट्टीत. मी वैरणीला गेलते, म्हणलं, भावाकडं ध्यान ठिव. ही गेली मांजरीची पिल्लं बघाया. लेकरूच की. त्यो गेला शेततळ्याकडं. त्या तळ्याला पिलाष्टिक हाय, पाय ठरत न्हाई...” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “सगळं गाव आलतं. तुमचं इंगवले सर बी आलतं मातीला.”

इंगवले सर मातीला आले होते. सातवीत तिला पाणीपुरवठा मंत्री म्हणून फेटा बांधला तोही त्यांनीच, आणि माझ्या ह्या निवडीवर टाळ्याही त्यांनीच वाजवल्या होत्या. मी तेव्हा ह्या शाळेत नव्हते, पण त्या वर्षी पहिलीला असलेल्या बाईही मातीला आल्या होत्या म्हणे. आणि एप्रिलमध्ये भजी खाताना त्यांनी सहा नंबर टाकला होता. आनंदी व उत्साही असते. मला रडू येण्याऐवजी संतापानं हसू आलं, आणि ते त्या घरात शोभणारं नव्हतं म्हणून मी तोंडाशी रुमाल धरला.

“हिला कुणी काही बोललं का तेव्हा?” मी विचारलं.

“न्हाई हो!” शालनबाईंनी कानाला हात लावले. “देवाशपथ सांगते म्याडम, मी माज्या लेकीला ह्यावरनं एक शबुद बोलले न्हाई. तवा न्हाई, आजवर न्हाई. घरात कुणाला त्याचं नाव काढू दिलं न्हाई. म्हणलं, लेकरं इसरत्यात. ही बी एक दिस रडली न्हाई. तिची आत्या म्हणायची, किती शहाणी पोर, आईला तरास नको म्हणून रडत सुदिक न्हाई.”

“रडायचं नाही म्हणून आत्यानंच सांगितलं होतं,” प्रणिता म्हणाली.

ती आपणहून बोलली म्हणून आम्ही तिघंही दचकलो. आवाज अगदी साधा होता, वर्गात उत्तर देते तसा.

“आई, तू बोलली असतीस तर बरं झालं असतं.”

“काय, बाळा?”

“मला वाटायचं, तू एक दिवस बोलणार. मारणार पण. आज नाही तर उद्या. रोज शाळेतनं येताना वाटायचं, आज बोलशील. तू ताट वाढलंस की वाटायचं, जेवण झाल्यावर बोलशील. तू बोललीच नाहीस. मग मी ठरवलं, की परत कुणी कमी पडू द्यायचं नाही, म्हंजे तू बोलणारच नाहीस.”

शालनबाई मटकन खाली बसल्या. सहा वर्षं ज्या गप्प राहण्याला त्या माया समजत होत्या, त्याचं पोरीच्या मनात काय झालं होतं ते त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी असा हंबरडा फोडला की शेळी दाव्याला हिसके देऊ लागली. “माजीच चूक गं बाई, मी कशाला गेले वैरणीला! तुजी न्हाई गं, तुजी न्हाई!” त्या लेकीला ओढून कवटाळत होत्या, आणि प्रणिता त्यांच्या मिठीत काठीसारखी ताठ उभी होती. तिला रडता आलं नाही. शिकलेलं इतक्या लवकर विसरता येत नाही.

वडील भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“सही कुठं करायची?” शालनबाईंनी थोड्या वेळानं विचारलं.

“शालन, लगीन...” वडिलांनी तोंड उघडलं.

“लगीन जित्या पोरीचं करत्यात,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीत एक लुगडं कोंबून पायात चप्पल घातली.

तीन वाजून गेले होते. शाळेत येऊन मी ते पान लिहिलं. अजून पाठ आहे.

*प्रणिता वाघमोडे सात वर्षं आमच्या शाळेत आहे. ती पहिलीत असताना तिचा लहान भाऊ शेततळ्यात बुडून गेला. तो तिच्या भरवशावर होता. ही गोष्ट मला आज दुपारी कळली. ती दिवसातून पंधरा-वीस वेळा लहान मुलं मोजते आणि हौदाचं झाकण तपासते. आम्हाला ते कौतुकाचं वाटलं. त्यासाठी आम्ही तिला बक्षीस देणार होतो. ह्यापलीकडे आम्हाला तिच्याबद्दल काही माहीत नाही.*

इंगवले सरांनी ते दोनदा वाचलं. “हे शाळेच्या शिक्क्यानं जाणार?”

“शिक्का नसला तरी जाईल.”

“नकारात्मक नोंद करू नये असा नियम आहे, मॅडम. नोकरीत राहायचंय ना?”

“तुम्ही मातीला गेला होता म्हणे,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शिक्का त्यांनी मारला नाही. डॉक्टरांनी तो मागितलाही नाही.

ह्या गोष्टीला बारा वर्षं झाली. प्रणिताचे उपचार तीन वर्षं चालले, मध्ये एकदा सुटले आणि पुन्हा सुरू झाले. ती आज पुण्यात नोकरी करते. मोजणं पूर्ण गेलेलं नाही, कमी झालंय, असं तीच फोनवर सांगते. मला मात्र त्या महिन्यात नोटीस मिळाली आणि जूनमध्ये लांबच्या गावी बदली. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते त्याच दिवशी, चार वाजता, जीप निघताना.

शालनबाई आत चढल्या होत्या. प्रणितानं एक पाय पायरीवर ठेवला आणि ती परत खाली उतरली.

“मॅडम, पहिलीच्या बाई आज नाहीत. परवापासून प्रशिक्षणाला गेल्यात. सुट्टीच्या आधी कोण मोजणार?”

“मी मोजते. तू जा.”

“पट बघून नका सांगू,” ती म्हणाली. “सगळे पटच बघतात. एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजा.”

पोरीनं सहज सांगितलं. तिचा टोमणा मारायचा हेतू नव्हता, पण डॉ. तांबोळी खाली बघून हसल्या, आणि मला ते हसू आजही बोचतं.

जीप गेली. मी पहिलीच्या वर्गात गेले. वर्ग दिवसभर वाऱ्यावर सोडलेला, पोरं दप्तरं घेऊन दाराशी गोळा झालेली. मी त्यांना ओळीनं बसवलं आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत गेले. सत्तावीस भरली. टेबलावरचा पट उघडला. हजर अठ्ठावीस.

मी पुन्हा मोजली. सत्तावीस. एखाद्या डोक्याला हात लावायचा राहिला असेल म्हणून तिसऱ्यांदा मोजली. सत्तावीस. मुतारीत बघितलं, बोरीच्या झाडामागं बघितलं, आणि मग पन्नाशीला आलेली मी साडी गुडघ्यापर्यंत धरून हौदाकडे धावले. झाकण बंद होतं, पण बंद झाकणावर विश्वास बसेना. कडी ओढताना बोटं सोलली. पालथी पडून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून मी चाचपत होते आणि “कोण आहे रे? कोण राहिलंय?” असं ओरडत होते. काय ओरडतेय ते मलाच कळत नव्हतं.

पहिलीतली एक चिमुरडी माझ्या पायापाशी येऊन उभी राहिली.

“म्याडम, समाधान न्हाई आला. त्यो परवापसनं मामाच्या गावाला गेलाय.”

पटावर त्याच्या नावापुढे तिन्ही दिवस हजेरी मांडलेली होती, इंगवले सरांच्या वळणदार अक्षरात. मी ओल्या अंगानं तिथंच फरशीवर बसले. सगळ्या ह्या प्रकाराला चार-पाच मिनिटं लागली असतील.

पोरीनं सहा वर्षं काढली होती.